उत्तर बरोबर, रीत अमान्य

शाळेत गणिताचा पेपर तपासताना उत्तराला गुण असतात, तसे रीतीलाही असतात. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर चारांपैकी दोन-तीन गुण पदरात पडतात. उलट, नुसते उत्तर लिहून मोकळा होणारा मुलगा गुरुजींना संशयास्पद वाटतो. शेजारच्याचे पाहून लिहिले असेल, असे त्यांना वाटते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण हजारात एखादा मुलगा असा निघतो, की त्याची रीत त्याच्या डोक्यात पक्की असते, पण ती कागदावर मांडायची भाषाच अजून कुणी तयार केलेली नसते. अशा मुलाचे काय करायचे? १८९४ साली हा प्रश्न लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. मुलगा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, अविवाहित होता, कानाने अधू होता आणि गेली वीस वर्षे बेकार होता. सोसायटीने त्याचा निबंध परत केला.

त्याचे नाव ऑलिव्हर हेव्हिसाइड. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांखेरीज हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. पण टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारा, रेडिओचे टोनचे बटण आणि ज्या गणितावाचून इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले पाऊलही पडत नाही ते गणित, या साऱ्यांत या माणसाचा हात आहे.

मी विजेचा अभियंता नव्हे. माझी हयात बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. तरीही तारायंत्राच्या इतिहासाची मला ओढ लागली, त्याचे कारण नोकरीतच आहे. मी बँकेत लागलो तेव्हा तातडीचे पैसे ‘टीटी’ने, म्हणजे तारेने जात. तारेत एक सांकेतिक आकडा असे. तो आपल्याकडच्या वहीशी जुळला, की समोरच्या माणसाला रक्कम मोजून द्यायची. पैसा जागचा हलतच नसे, हलत असे ती फक्त तारेतली विजेची टिकटिक. आपल्या देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. पण त्या टिकटिकीच्या भरवशावर आपण किती मोठे व्यवहार केले, याचे मला अजून नवल वाटते. ही टिकटिक तारेतून नेमकी जाते कशी, हे शोधताना हेव्हिसाइड भेटला.

त्याचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅम्डेन टाउन भागातला. चार भावांतला हा धाकटा. वडील लाकडावर कोरीव चित्रे करून छापखान्यांना देत. छपाईचे तंत्र बदलत चालले होते आणि धंद्याला उतरती कळा लागली होती. घरात ओढाताण होती. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऑलिव्हरच्या कानांवर त्याचा परिणाम झाला. गल्लीतल्या मुलांत मिसळणे त्याला जमेना. तो एकलकोंडा झाला, तो कायमचाच.

शाळेत मात्र हुशार. १८६५ साली पाचशेहून अधिक मुलांच्या परीक्षेत तो पाचवा आला. तरी सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढचे शिक्षण ग्रंथालयात आणि घरच्या टेबलाशी झाले. एक आधार मात्र मोठा होता. त्याच्या मावशीचे यजमान म्हणजे सर चार्ल्स व्हीटस्टन, इंग्लंडमधल्या तारायंत्राच्या जनकांपैकी एक. शाळेच्या प्रयोगशाळेत मुले ‘व्हीटस्टन ब्रिज’ मांडतात, ते हेच. मावशीच्या यजमानांच्या ओळखीने आधी थोरला भाऊ आर्थर तारेच्या धंद्यात गेला, मग ऑलिव्हर. १८६८ मध्ये तो इंग्लंड आणि डेन्मार्कला जोडणाऱ्या समुद्री केबलवर तारमास्तर झाला.

तो काळ समुद्राच्या तळाशी तारा अंथरण्याचा होता. १८५८ साली अटलांटिक महासागरात पहिली केबल पडली. तिच्यावरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचायला सोळा तास लागले आणि काही आठवड्यांतच ती केबल निकामी झाली. पुढे तंत्र सुधारले. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई थेट लंडनशी बोलू लागली. कापसाचे भाव, जहाजांच्या वार्ता, सरकारी हुकूम, सारे त्या एका तारेतून जाऊ लागले. पण मूळचे दुखणे होते तसेच होते. इकडून ठसठशीत टिंब पाठवावे, तर तिकडे ते पसरट होऊन पोचे. घाईने दोन टिंबे पाठवली तर ती एकमेकांत मिसळून जात.

याचे कारण असे. समुद्री केबलमध्ये आत तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचे वेष्टण आणि बाहेर खारे पाणी. विजेच्या दृष्टीने ही तार म्हणजे हजारो किलोमीटर लांबीचा एक कंडेन्सरच. लांबलचक, लवचीक रबरी नळीत पाणी सोडले तर आधी नळी फुगते आणि मग दुसऱ्या टोकाला धार हळूहळू वाढत जाते, तसाच हा प्रकार. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५५ मध्येच हिशेब मांडला होता, की केबलची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो.

हेव्हिसाइडच्या केबलवर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसे. एका दिशेने संदेश जलद जाई, उलट दिशेने सावकाश. तार तीच, समुद्र तोच. केबलच्या दोन्ही टोकांकडच्या जमिनीवरच्या तारा आणि यंत्रे सारखी नाहीत, यात त्याचे मूळ आहे, हे त्याने पुढे गणिताने दाखवले. बाविसाव्या वर्षापासून त्याचे लेख छापून येऊ लागले. त्यातल्या एकाची नोंद खुद्द जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घेतली.

आणि १८७४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. वर्षाला १७५ पौंडांची, त्या काळात चांगली म्हणावी अशी नोकरी. त्यानंतर त्याने जन्मात नोकरी केली नाही. आईवडिलांच्या घरी एका खोलीत बसून तो मॅक्सवेलचा ग्रंथ वाचू लागला. वीज आणि चुंबकत्व यांचे सारे नियम एका सूत्रात बांधणारा तो ग्रंथ विद्वानांनाही जड जाई. हेव्हिसाइडला तो समजायला कित्येक वर्षे लागली. पण समजला, तो असा की मॅक्सवेलने वीस समीकरणांत सांगितलेले त्याने चार समीकरणांत आणून ठेवले. आज जगभरचे विद्यार्थी ‘मॅक्सवेलची समीकरणे’ म्हणून जी चार समीकरणे पाठ करतात, त्यांना ते रूप देणाऱ्यांत हा बेकार तारमास्तर अग्रभागी होता.

१८८२ पासून ‘इलेक्ट्रिशियन’ नावाच्या व्यापारी साप्ताहिकात त्याचे लेख नियमित येऊ लागले. मिळकत वर्षाला चाळीसेक पौंड. सोडलेल्या पगाराच्या पाव हिश्शाहूनही कमी. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ते लेख कळत होते, हा प्रश्न वेगळा. पण संपादकांनी ते चालू ठेवले. अशा संपादकांचे ऋण आपण लेखकमंडळी जाणतो.

या लेखांतून त्याची ती वादग्रस्त रीत आकाराला आली. ती थोडी समजून घेऊ. विजेच्या सर्किटमध्ये मुख्यतः तीन पात्रे असतात. पहिले रेझिस्टन्स, म्हणजे रोध. हा सरळ माणूस. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट. दुसरे पात्र कंडेन्सर. त्याला भरायला वेळ लागतो आणि रिकामा व्हायलाही लागतो. तिसरे तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल. तिच्यातून वाहणारा प्रवाह एकदम बदलत नाही. बदलू पाहिला तर ती आडमुठेपणा करते. पहिल्या पात्राचा हिशेब साध्या गुणाकाराने होतो. उरलेल्या दोघांच्या वागण्यात काळ येतो, बदलाचा वेग येतो, आणि तिथे कॅल्क्युलस लागते. तिन्ही पात्रे एकत्र आली की लांबलचक डिफरन्शियल समीकरणे तयार होतात आणि ती सोडवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

हेव्हिसाइडने काय केले? ‘बदलाचा वेग काढा’ हा जो कॅल्क्युलसमधला हुकूम, त्याला त्याने ‘पी’ हे एक अक्षर दिले. आणि मग हा हुकूम आहे हे विसरून त्याने पी ला एखाद्या साध्या संख्येप्रमाणे वागवायला सुरुवात केली. वेटोळ्याचा रोध म्हणजे त्याचे इंडक्टन्स गुणिले पी. कंडेन्सरचा रोध म्हणजे एक भागिले त्याची धारणक्षमता गुणिले पी. बस्स. आता तिन्ही पात्रे एकाच जातीची झाली. त्यांची बेरीज करा, भागाकार करा, समान अवयव काढून टाका. आठवीच्या मुलाला यावे एवढेच बीजगणित. शेवटी जे उत्तर येईल त्यातल्या पी चा पुन्हा काळाच्या भाषेत उलगडा करायचा.

आपल्या पिढीला लॉगची कोष्टके आठवत असतील. मोठाले गुणाकार टाळण्यासाठी आपण आकड्यांचे लॉग घेत होतो, त्यांची बेरीज करत होतो आणि मग अँटिलॉग पाहून परत मूळ आकड्यात येत होतो. गुणाकाराच्या गावातून बेरजेच्या गावात जायचे, तिथे काम सोपे करून घ्यायचे आणि परत यायचे. हेव्हिसाइडची रीत याच जातीची. कॅल्क्युलसच्या गावातून तो बीजगणिताच्या गावात जाई आणि उत्तर घेऊन परत येई. फरक एवढाच, की लॉगची वाट नेपियरपासून साऱ्यांनी तपासून पक्की केलेली होती. हेव्हिसाइडच्या वाटेवर पूल आहे की नाही, हे त्याचे त्यालाही शब्दांत सांगता येत नव्हते. तो त्या वाटेने जाई आणि पलीकडे सुखरूप पोचलेला दिसे, इतकेच. कधी तो पी चे वर्गमूळ काढी, म्हणजे ‘बदलाचा वेग काढा’ हा हुकूम अर्धाच पाळी. याचा अर्थ काय, म्हणून गणिती कपाळाला हात लावत. पण केबलच्या प्रश्नात त्यातून येणारे उत्तर बिनचूक असे.

या रीतीने तो लांब तारेच्या प्रश्नाला भिडला आणि १८८७ च्या सुमारास एक विलक्षण उत्तर त्याच्या हाती आले. तारेचे चार गुण असतात. रोध, इंडक्टन्स, धारणक्षमता आणि वेष्टणातून होणारी गळती. रोधाचे इंडक्टन्सशी जे प्रमाण, तेच गळतीचे धारणक्षमतेशी असेल, तर संदेशाचा आकार मुळीच बिघडत नाही. आवाज लांबवर क्षीण होईल, पण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पोचतील. नेहमीच्या तारांत इंडक्टन्स फार कमी पडते. तेव्हा ते वाढवा, असा त्याचा सल्ला. एका टोकाला झटका देऊन लहर पाठवायची तर हलका धागा उपयोगाचा नाही, जाड, वजनदार दोर लागतो, तसे हे.

इथे विल्यम प्रीस आडवे आले. प्रीस म्हणजे ब्रिटिश पोस्ट खात्याच्या वीज शाखेतले बडे प्रस्थ. माणूस कर्तबगार होता. पुढे मार्कोनीला हात देणारे हेच. पण गणितावर त्यांचा विश्वास नव्हता आणि इंडक्टन्स हा तारेचा शत्रू आहे, असे त्यांनी जाहीरपणे मांडलेले होते. ऑलिव्हर आणि आर्थर या भावांनी मिळून टेलिफोनवर एक निबंध लिहिला होता. आर्थर पोस्ट खात्यात नोकरीला असल्याने वरिष्ठांची परवानगी आवश्यक होती. प्रीस यांनी ती दिली नाही. त्याच वर्षी ‘इलेक्ट्रिशियन’चे ते संपादकही बदलले आणि नव्या संपादकांनी लेखमाला थांबवली. हेव्हिसाइडच्या हातात जगाला सांगण्याजोगी गोष्ट होती आणि ती छापायला जागा उरली नव्हती.

हेही सांगायला हवे, की तो काही गरीब गाय नव्हता. त्याची लेखणी तिखट होती आणि प्रीस यांच्यावर ती मनसोक्त चाले. लिहिण्याची धाटणीही अशी, की वाचणाऱ्याने मधल्या चार पायऱ्या स्वतः भरून काढाव्यात. मोठ्या पदावरच्या माणसाला भर बाजारात अडाणी ठरवले तर तो परवानगी देईल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. पण स्वभावाचा दोष आणि गणिताचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली.

सुदैवाने वारे फिरले. १८८८ मध्ये जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी विजेच्या लहरी प्रत्यक्ष दाखवल्या. मॅक्सवेलच्या सिद्धांताला भाव आला आणि तो सिद्धांत कोळून प्यालेला माणूस इंग्लंडमध्ये कोण, याची शोधाशोध झाली. १८८९ च्या जानेवारीत विल्यम थॉमसन यांनी वीज अभियंत्यांच्या सभेत अध्यक्षपदावरून हेव्हिसाइडच्या कामाचा गौरव केला. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. शाळा सोळाव्या वर्षी सुटलेल्या माणसाला न्यूटनच्या पंक्तीत पाट मिळाला.

फेलोचे निबंध सोसायटी सहसा तपासनिसाकडे न पाठवता छापत असे. हेव्हिसाइडने आपल्या रीतीवर एक मोठा निबंध पाठवला. पहिले दोन भाग छापले गेले. गणितींची कुजबुज वाढली. १८९४ मध्ये तिसरा भाग आला, तेव्हा तो गणिती विल्यम बर्नसाइड यांच्याकडे तपासायला गेला, आणि नाकारला गेला.

बर्नसाइड यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. एकोणिसावे शतक हे गणिताने आपले घर झाडून काढण्याचे शतक होते. अनंत पदांच्या बेरजा बेफिकीरपणे केल्या तर खोटी उत्तरेही येतात, हे अनुभवाने कळले होते. म्हणून प्रत्येक पायरीला सिद्धता मागायची शिस्त लागली होती. हेव्हिसाइड मात्र ज्या बेरजा कुठेच जाऊन थांबत नाहीत, त्या सर्रास वापरी. उत्तर पडताळून पाहा, बरोबर येते ना, मग झाले, अशी त्याची वृत्ती. आपल्याकडच्या सुगरणी आजीचे मीठ कधी चुकत नसे, पण किती घातले म्हणून विचारले तर ती अंदाजाने म्हणे. त्या अंदाजावर पाकशास्त्राचे पुस्तक छापता येत नाही, हे बर्नसाइड यांचे म्हणणे. आणि भाजी उत्तम झाली आहे, हे हेव्हिसाइडचे.

दोन्ही खरे. पण त्याची किंमत एकट्याने मोजली. त्याच वर्षी आई गेली, दोन वर्षांनी वडील. १८८९ पासून कुटुंब डेव्हनमधल्या पेन्टन गावी एका भावाच्या वाद्यांच्या दुकानावरच्या जागेत राहत होते. उत्पन्न जवळजवळ नव्हतेच. मित्रांनी गरजू शास्त्रज्ञांसाठी असलेल्या निधीतून मदत मिळवायची खटपट केली. त्याने ती नाकारली. दान नको, म्हणाला. १८९६ मध्ये फिट्झजेराल्ड, लॉज आणि पेरी या मित्रांनी सरकारकडून वर्षाला १२० पौंडांची पेन्शन मिळवून दिली. ती मात्र, कामाचा मान म्हणून, त्याने घेतली.

इंडक्टन्सचे काय झाले? १८९९ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि मायकेल प्यूपिन या दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब करून टेलिफोनच्या तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवायची युक्ती साधली. पेटंटच्या भांडणात प्यूपिन जिंकले आणि त्यांना लाखो डॉलर मिळाले. वेटोळी घातलेल्या तारांवरून १९११ मध्ये न्यूयॉर्कचा माणूस डेन्व्हरच्या माणसाशी बोलू लागला. ज्याने मूळ विचार दिला त्याने तेव्हा पेटंट घेतलेले नव्हते. छापलेला विचार सर्वांचा असतो. कायद्याने सारे ठीकच होते.

१९०२ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’साठी लिहिलेल्या लेखात त्याने आणखी एक ठिणगी टाकली. मार्कोनीच्या लहरी पृथ्वीच्या बाकाला वळसा घालून अटलांटिकपार कशा जातात? वातावरणात उंचावर वीजवाहक थर असावा आणि लहरी त्याच्या आधाराने जात असाव्यात. त्याच वर्षी हेच अमेरिकेत सुचवले आर्थर केनेली यांनी. केनेली यांचा जन्म आपल्या मुंबईतला, कुलाब्याचा, १८६१ चा. तेही हेव्हिसाइडप्रमाणेच तारमास्तर म्हणून सुरुवात केलेले. विजेच्या हिशेबात काल्पनिक संख्या वापरण्याची वाट रुंद करणाऱ्यांत ते एक. १९२४ मध्ये ॲपल्टन यांनी तो थर खरोखर आहे हे सिद्ध केले. ज्यांनी बुधवारच्या रात्री खरखरत्या रेडिओला कान लावून सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ ऐकली, त्यांच्या घरापर्यंत ते सूर वरच्या अशाच थरांवरून परावर्तित होऊन येत होते.

आता त्या नाकारलेल्या रीतीकडे वळू. १९१६ मध्ये केंब्रिजचे गणिती ब्रॉमविच यांनी दाखवून दिले, की हेव्हिसाइडच्या वाटेवर पूल होता, आणि भक्कम होता. १९२० च्या दशकात अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या जॉन कार्सन यांनी आणि १९३७ मध्ये जर्मनीच्या गुस्ताव डोएट्श यांनी त्या पुलाचा नकाशा पूर्ण केला. आणि तेव्हा लक्षात आले, की पुलाचे दगड शंभर वर्षांहून अधिक काळ पडून होते. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी संभाव्यतेच्या अभ्यासात एक रूपांतर वापरले होते. लाप्लास म्हणजे नेपोलियनचे काही आठवडे गृहमंत्री राहिलेले, पुढे मार्क्विस झालेले गृहस्थ. त्या रूपांतराची सिद्धता चोख. हेव्हिसाइडचा पी तिथे ‘एस’ होऊन आला आणि पाठ्यपुस्तकांवर नाव चढले ते ‘लाप्लास ट्रान्सफॉर्म’.

हे प्रकरण वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो, कारण त्यात मला बँकेतला रोजचा हिशेब दिसला. एखाद्याला दरवर्षी शंभर रुपये कायमचे मिळणार असतील, तर त्या साऱ्या रकमांचे आजचे मोल किती? व्याजदर दहा टक्के असेल तर हजार रुपये. पाच टक्के असेल तर दोन हजार. शंभर भागिले व्याजदर. लाप्लास ट्रान्सफॉर्म हेच करतो. काळाच्या ओघात येणाऱ्या साऱ्या घटनांना, जितकी घटना दूर तितकी कसर कापून, तो आजच्या एका किमतीत आणतो. एस म्हणजे जणू व्याजदर. बटण दाबून एक व्होल्टचा दाब सुरू केला आणि तसाच चालू ठेवला, तर त्याचा ट्रान्सफॉर्म एक भागिले एस. शंभर रुपयांच्या कायमच्या उत्पन्नाचा जो हिशेब, तोच हा. आणि प्रत्येक व्याजदराला मोल किती हे जर ठाऊक असेल, तर कोणता हप्ता केव्हा येणार होता, हे उलट शोधूनही काढता येते. कंडेन्सरमध्ये आधीच वीज शिल्लक असेल तर? तिची नोंद समीकरणात वेगळी होते. आम्ही तिला ओपनिंग बॅलन्स म्हणतो.

ओपनिंग बॅलन्स शून्य धरून सर्किटमधून बाहेर पडणाऱ्या ट्रान्सफॉर्मला आत जाणाऱ्याने भागले, की जे उरते ते ‘ट्रान्सफर फंक्शन’. हे नाव पुढच्या पिढीचे, पण कल्पनेचे बीज हेव्हिसाइडच्या वहीतले. आत काय जाते हे नगण्य, हे सर्किट कशाचे काय करते, एवढेच त्यात असते. जणू सर्किटचा स्वभाव. दहा हजार ओहमचा रोध आणि त्यापुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घ्या. दोघांचा गुणाकार येतो सेकंदाचा हजारावा भाग. दाब सुरू केल्यापासून तेवढ्या वेळात कंडेन्सर ६३ टक्के भरतो आणि त्याच्या पाचपट वेळात जवळजवळ पूर्ण. आता त्यातून गाणे सोडा. सेकंदाला सुमारे १५९ कंपनांच्या खालचे सूर, म्हणजे तबल्याचा डग्गा, बऱ्यापैकी सुखरूप जातो. त्याच्या फार वरचे, झांजेचे सूर अडतात. जुन्या रेडिओचे टोनचे बटण आपण फिरवत असू, तेव्हा असाच एक रोध बदलत असे. अशी दोन सर्किटे एकामागे एक जोडली आणि पहिल्यावर दुसऱ्याचा भार पडू दिला नाही, तर त्यांच्या फंक्शनांचा सरळ गुणाकार करायचा.

त्याहून मोलाची गोष्ट ही, की ट्रान्सफर फंक्शनचा छेद कोणत्या ठिकाणी शून्य होतो हे पाहून सर्किटचे भवितव्य आधीच कळते. ती ठिकाणे सगळी ऋण बाजूला असतील तर आतली खळबळ आपोआप विरते. एक जरी धन बाजूला गेले तर ती वाढतच जाते. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरच्या समोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते, ती अशीच. इंजिनिअरला ती शिट्टी यंत्र बांधण्यापूर्वी कागदावरच ऐकू येते.

हे सारे उभे राहत असताना हेव्हिसाइड टॉर्कीच्या एका घरात एकटा म्हातारा होत होता. तरुणपणी सायकलवरून डेव्हनचे चढउतार पालथे घालणारा हा माणूस आता दारे-खिडक्या लावून बसे. गॅस कंपनीशी बिलांवरून त्याचे सतत खटके उडत. १९२२ मध्ये वीज अभियंत्यांच्या संस्थेने आपले नवे फॅरडे पदक पहिल्यांदा त्यालाच दिले आणि ते द्यायला अध्यक्ष त्याच्या घरी आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, शिडीवरून पडण्याचे निमित्त होऊन, तो गेला. पेन्टनच्या दफनभूमीत आईवडिलांसोबत त्याला ठेवले आहे.

मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. कागदपत्रे पुरी आहेत का, हे पाहणे माझे काम होते आणि ते काम हलके नाही. सिद्धता मागणारे नसते तर गणित बुडाले असते, तारण मागणारे नसते तर बँका बुडाल्या असत्या. म्हणून बर्नसाइड यांचा शेरा मला समजतो. पण बँकेत आणखी एक सोय असते. प्रस्ताव नियमात बसत नसला आणि माणूस खरा वाटत असला, तर तो आपल्या शिफारशीसह वर पाठवता येतो. रीत सिद्ध नाही, उत्तरे मात्र बरोबर येत आहेत, कुणीतरी कारण शोधावे, एवढ्या शेऱ्यासह तो तिसरा भाग छापता आला असता. तो छापला गेला नाही. १८९४ ते १९१६, बावीस वर्षे. ब्रॉमविच यांनी पूल दाखवला, तेव्हा हेव्हिसाइड सहासष्ट वर्षांचा होता, आणि भांडायला ज्यांच्याशी मजा आली असती, ते प्रीसही तीन वर्षांपूर्वी वारले होते.